शंभरावे मेंढरू आणि वीसचा पट

(वार्षिक मित्रमेळाव्यात उपासनेनंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात मी कामाचा अहवाल वाचते. किती पाड्यांवर अभ्यासवर्ग चालले, किती मुलांना दप्तरे दिली, किती मुले दहावीला बसली, किती पास झाली. यंदा तो अहवाल छापून तुमच्या हातात दिलेला आहे, त्यामुळे तो वाचत नाही. त्या वेळात मी एकाच विषयावर बोलणार आहे. सरकार आपल्या शाळांकडून हिशेब मागते, त्या हिशेबाचे शाळेत काय होते आणि शेवटी मुलाच्या पदरात काय पडते, हा तो विषय. ऐकायला रुक्ष वाटेल. पण आमच्या डोंगरातल्या मुलांचे बरेचसे भवितव्य त्याच्यावर टांगलेले आहे. शिवाय या विषयात मला एक कबुलीही द्यायची आहे, आणि ती तुमच्यापुढेच द्यायला हवी, कारण अहवाल तुम्ही वाचता.

आताच आपण लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातून शंभर मेंढरांचा दाखला ऐकला. हा दाखला मी लहानपणी शब्बाथशाळेत ऐकला, पुढे थिऑलॉजीच्या पदविकेला अभ्यासला, पाड्यांवर कितीतरी वेळा सांगितला. तरी एक साधा प्रश्न मला अलीकडेच पडला. एक मेंढरू हरवले आहे हे त्या मेंढपाळाला कळले कसे? त्याने संध्याकाळी मोजणी केली म्हणून. मोजलीच नसती तर नव्याण्णव काय आणि शंभर काय, कळप कळपासारखाच दिसला असता. म्हणजे मोजणे ही काही देवाला नावडती गोष्ट नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे मी जे बोलणार आहे त्यावरून मी हिशेबाच्याच विरोधात आहे असा कोणाचा समज होऊ नये.

आपल्या राज्यात शाळांचा हिशेब मागायची गरज खरोखरच होती. तुमच्यापैकी जे शिक्षक होते किंवा आहेत त्यांना ३ ते ५ ऑक्टोबर २०११ हे तीन दिवस आठवत असतील. त्या दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. एकाच मुलाला दोन शाळांत उभे करू नये म्हणून, मतदानाला लावतात तशी शाई मुलांच्या बोटांना लावली गेली. हजेरीपत्रकावर नावे असलेली लाखो मुले प्रत्यक्षात कुठेच नव्हती. त्यांच्या नावावर तांदूळ उचलला जात होता, अनुदान घेतले जात होते, शिक्षकांची पदे मंजूर होत होती. ती गरिबांच्या ताटातली चोरी होती. ती उघडी पडली हे योग्यच झाले.

त्याआधी, १ एप्रिल २०१० रोजी, बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा लागू झाला होता. या कायद्याने उलट्या बाजूचा हिशेब सुरू केला, म्हणजे मुलाने सरकारकडे मागायचा. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत, शिक्षकाला जनगणना, निवडणूक आणि आपत्तीचे काम सोडून दुसऱ्या कामाला जुंपू नये. प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असावी, तिच्यात पंचाहत्तर टक्के आईवडील असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात. डोंगरात काम करणाऱ्या आम्हा लोकांना हा कायदा म्हणजे मोठाच आधार वाटला. पाड्यावर शाळा मागायला आम्ही जायचो तेव्हा आता विनंती करायची नव्हती, हक्क सांगायचा होता.

मग २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला. त्याचा हेतू चांगला होता. मूल शाळेत बसते एवढ्याने भागत नाही, ते शिकते का हेही पाहिले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. पायाभूत चाचणी, संकलित चाचणी, शाळासिद्धीची श्रेणी, ‘सरल’ प्रणालीत प्रत्येक मुलाची नोंद, हे सगळे त्याच काळातले. शाळा ‘प्रगत’ झाली की नाही हे जाहीर व्हायचे आणि तालुक्यातालुक्यांत त्याची चढाओढ लागली.

माझी कबुली याच काळातली आहे.

सातपुड्यातल्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. पाड्याचे नाव सांगत नाही, कारण तिथल्या कोणालाही यात दोष द्यायचा नाही. त्या पाड्यावर संध्याकाळी आपला अभ्यासवर्ग चालायचा. वर्ष २०१६. एके दिवशी गुरुजी माझ्याकडे आले. चांगला माणूस. पावसाळ्यात दोन नाले ओलांडून रोज यायचा. ते म्हणाले, “ताई, तपासणी आहे. चौथीच्या मुलांना हे पान वाचायला लावतील. तुमच्या वर्गात संध्याकाळी जरा हेच पान घ्या ना.” मी हो म्हटले. पंधरा दिवस आम्ही तेच एक पान घेतले. मुले घरी भिली बोलणारी, मराठी त्यांना शाळेतच भेटते. पण लेकरांचे कान तिखट. सगळ्यांनी पान खडाखडा म्हटले. तपासणी पार पडली. शाळा प्रगत झाली. आणि त्या वर्षीच्या आपल्या अहवालात मी लिहिले की या पाड्यावरील चौथीची सर्व मुले आता मराठी वाचतात. तुमच्यापैकी काहींनी ते वाचून मला पत्रे लिहिली, देवाची उपकारस्तुती केली. ती पत्रे अजून माझ्याकडे आहेत.

त्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. पान म्हणण्यात सगळ्यांत पुढे. दोन महिन्यांनी तिच्या तान्ह्या भावाला जुलाब लागले म्हणून मी त्यांच्या झोपडीत गेले. आशाताईने जीवनजलची पुडी देऊन ठेवली होती. आईने ती पुडी मोठ्या अभिमानाने मुलीच्या हातात दिली, कारण तिची लेक वाचते हे तिला शाळेत सांगितले होते. मुलीने पुडीवरच्या मराठी अक्षरांवर बोट ठेवले आणि ती आमच्या पानातलेच वाक्य म्हणू लागली. अर्ध्यावर थांबली. माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

पाणी किती घ्यायचे ते मी सांगितले. बाळ बरे झाले. पण मी ती गोष्ट कोणाला सांगितली नाही आणि अहवालही दुरुस्त केला नाही. आज तो दुरुस्त करते. त्या वर्गातील सात मुलांपैकी दोघेच खरोखर वाचू शकत होते. बाकीच्या पाच जणांना आम्ही वाचायला शिकवले नव्हते, पाठ करून घेतले होते. त्या अहवालावर विश्वास ठेवून ज्यांनी दान दिले त्यांची मी क्षमा मागते.

गुरुजींवर ढकलून मी मोकळी होऊ शकले असते. पण खरे सांगायचे तर मलाही तो आकडा हवा होता. त्यांना वरच्या साहेबांना दाखवायचा होता आणि मला तुम्हाला.

ही काही आपल्याकडेच घडणारी नवलाई नाही. इंग्लंडमध्ये १८६२ साली सरकारने नियम केला की शाळेचे अनुदान मुलांच्या परीक्षेवर ठरेल. तपासनीस येणार, मुलांचे वाचन, लेखन, गणित तपासणार आणि पास होणाऱ्या डोक्यांवर पैसे मिळणार. मॅथ्यू अर्नोल्ड हे कवी स्वतः शाळातपासनीस होते. त्यांनी तेव्हाच सांगितले की अशाने शिक्षक मुलांकडून पुस्तक पाठ करून घेतील आणि न वाचताच मुले वाचनात पास होतील. म्हणजे माझे पाप दीडशे वर्षे जुने निघाले. हीच पद्धत पुढे आपल्या मुंबई इलाख्यातही अनुदानासाठी लागू झाली. १८८२ मध्ये हंटर आयोग आला, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी आयोगाला निवेदन दिले. जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते, हे आपल्याला ठाऊक आहेच. निकालावर पैसे देण्याची पद्धत गोरगरीब, अडाणी लोकांत शिक्षण पसरवायला उपयोगाची नाही, असे त्यांनी त्या निवेदनात सांगितले. ज्यांच्यात अजून शिक्षणाची गोडीच निर्माण झालेली नाही, त्यांच्यासाठी स्वतःच्या हिमतीवर शाळा काढून कोणता शिक्षक पोट भरू शकेल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. जिथे शाळेची गरज सर्वांत जास्त, तिथेच निकाल सर्वांत कमी, आणि म्हणून पैसाही तिथेच सर्वांत कमी पोहोचणार, हे जोतीरावांना दिसले होते.

आज अनुदान निकालावर नाही, पण शिक्षकांची संख्या पटावर आहे. दरवर्षी ३० सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजे कोणत्या शाळेत किती शिक्षक राहतील ते ठरते. शहरात वर्गात चाळीसऐवजी अडतीस मुले असली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. डोंगरात पाडे विखुरलेले. एका टेकडीवर दहा झोपड्या, दुसरीवर आठ. तिथे दोन मुले कमी झाली की शाळेचा जीव वरखाली होतो.

डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेहून अधिक शाळा जवळच्या शाळांत समाविष्ट करण्याचा निर्णय झाला. २०२२ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली गेली. अशा शाळांची संख्या पंधरा हजारांच्या घरात असल्याचे तेव्हा पुढे आले. २०२३ मध्ये लहान शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले गेले. त्यासाठी पुण्याजवळचे पानशेत आणि आमच्या नंदुरबार जिल्ह्यातले तोरणमाळ यांचा नमुना समोर ठेवला गेला. १५ मार्च २०२४ रोजी संचमान्यतेचे नवे निकष आले. त्याच वर्षी कमी पटाच्या शाळेत दुसऱ्या नियमित शिक्षकाच्या जागी निवृत्त किंवा कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णयही निघाला आणि त्याविरुद्ध शिक्षक रस्त्यावर उतरले.

सरकारची बाजूही नीट समजून घेऊ या. ती अगदीच पोकळ नाही. सात-आठ मुलांच्या शाळेत मुलाला खेळायला सोबती नसतात. एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतो, आणि तो बैठकीला गेला की शाळेला कुलूप. ग्रंथालय नाही, प्रयोगाचे साहित्य नाही. मोठ्या शाळेत हे सगळे देता येते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही लहान शाळांनी एकमेकींच्या सोयी वापराव्यात म्हणून शाळा संकुलाची कल्पना आहे. रस्ता चांगला आणि गाडी वेळेवर असेल, तर काही गावांत एकत्रीकरणाने मुलांचे भलेच होईल. मी हे नाकारत नाही.

पण माझ्या त्या पाड्याकडे पाहा. यंदा तिथे शाळेत येणारी मुले चौदा. कागदावर अकरा. कारण पट आता आधारशी जोडलेला आहे. ज्या मुलाचे आधार जुळत नाही ते मूल वर्गात बसून पाढे म्हणत असले तरी संचमान्यतेत धरले जात नाही. आमच्या तिघांपैकी एकाचा जन्म झोपडीत झाला आणि त्याची नोंदच कुठे नाही. दुसऱ्याचे नाव शाळेत एक आणि आधारवर दुसरे. तिसरीच्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही. २०११ मध्ये नसलेली मुले कागदावर होती आणि आता असलेली मुले कागदावर नाहीत. तेव्हा बोटाला शाई लावून खोटे मूल पकडले. आता बोटाचा ठसा उमटत नाही म्हणून खरे मूल वगळले जाते.

शिवाय दिवाळी झाली की पाडा रिकामा होऊ लागतो. माणसे ऊसतोडीला गुजरातकडे जातात, ती होळीलाच परततात. घरी म्हातारे असतील तर मूल राहते, नसतील तर कोयत्याबरोबर तेही जाते. जवळची दुसरी शाळा नकाशावर दीड किलोमीटरसुद्धा नाही. पण मध्ये नाला आहे, आणि जून ते सप्टेंबर तो नाला सहा वर्षांच्या मुलाला ओलांडू देत नाही. वाहतूक भत्त्याची तरतूद आहे. पण जिथे बैलगाडी चढत नाही तिथे भत्त्याने कोणती रिक्षा आणायची?

उरतात आश्रमशाळा. आदिवासी विकास विभागाच्या शासकीय आश्रमशाळा राज्यात पाचशेच्या आसपास आहेत, आणि जवळपास तितक्याच अनुदानित. हजारो मुले तिथे शिकून पुढे गेली आहेत. पण पहिलीतल्या लेकराला आईपासून दूर ठेवणे हा नाइलाज असावा, तो नियम होऊ नये. तुमच्या सहा वर्षांच्या नातवाला तुम्ही पाठवाल का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा.

आता गुरुजींच्या दिवसाविषयी सांगते. पोषण आहाराची रोजची नोंद मोबाइलवर भरायची. त्यासाठी पाड्यामागच्या टेकडीवर जायचे, कारण रेंज तिथेच येते. मुलांचे आधार, त्यांचे नवे ओळखक्रमांक, यू-डायसची माहिती, प्रशिक्षणाच्या लिंक, कार्यक्रमांचे फोटो. एकदा मी गेले तेव्हा गुरुजी टेकडीवर होते आणि चौथीतली मुलगी पहिलीच्या मुलांना अंक काढून दाखवत होती. खाली उतरल्यावर ते म्हणाले, “ताई, मी शिकवतो की नाही हे विचारायला वर्षात कोणी एकदा येतं. माहिती भरली का हे विचारायला रोज फोन येतो.” माणूस ज्याचा जाब रोज द्यावा लागतो तेच काम आधी करतो. तुम्ही-आम्हीही तेच करतो.

असे असूनही मोजणी सोडून द्या असे मी म्हणणार नाही. ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी करते. त्यात स्वयंसेवक मुलाच्या घरी जातो, शेजारी बसतो, अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट असे पुढे पुढे वाचायला देतो. २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. २०२२ मध्ये हा आकडा १६.३ टक्के होता. म्हणजे कोरोनानंतर खाली गेलेले वाचन पुन्हा वर येते आहे, ही आनंदाची बाब. तरीही चारांतल्या तिघांना ती गोष्ट वाचता येत नाही, हेही तितकेच खरे. ही मोजणी कोणी केली नसती तर आपण सगळे माझ्या अहवालावरच समाधानी राहिलो असतो. ‘असर’च्या आकड्याने कोणत्याही एका गुरुजींची बदली होत नाही, कोणती शाळा बंद होत नाही. म्हणून तिथे मुलाला पढवून ठेवायची कोणाला गरज वाटत नाही.

दाखल्यातल्या मेंढपाळाने मोजले आणि एक कमी आहे हे कळताच तो स्वतः काट्याकुट्यांत उतरला. आमच्या पाड्याची मोजणी झाली आणि तीन कमी भरले, तेव्हा कोणी शोधायला आले नाही. कमी भरले म्हणून कळपच दुसरीकडे हलवायचा विचार सुरू झाला. दोन्हीकडे मोजणीच आहे. मोजल्यानंतर कोणाचे पाय कुठल्या दिशेला वळतात, तिथे फरक पडतो.

गेल्या वर्षीपासून आपण त्या पाड्यावर एक लहानसे काम सुरू केले आहे. कायद्यातली शाळा व्यवस्थापन समिती कागदावर होतीच, ती आम्ही खरोखर बसवली. महिन्यातून एकदा, बाजाराचा दिवस सोडून, आया शाळेच्या ओट्यावर बसतात आणि प्रत्येक मूल त्यांच्यासमोर न पाहिलेले पान वाचते. पान आयत्या वेळी निवडायचे, हा नियम. गुरुजी आधी बिचकले होते. आया म्हणजे तपासनीस नव्हेत, हे पटल्यावर तेच आता नवी पुस्तके शोधून आणतात. बहुतेक आयांना स्वतःला वाचता येत नाही. मी एकीला विचारले, “तुला कसं कळतं?” ती म्हणाली, “अक्षर नाही कळत, पण पोर अडलं की त्याचा आवाज कळतो.”

पहिल्या बैठकीला सोळा मुले आली होती आणि त्यांतली पाचच नीट वाचू शकली. यंदा चौदांपैकी नऊ वाचतात. तीन अडखळत वाचतात. दोघांना अजून अक्षरे जुळवता येत नाहीत. हाच आकडा या वर्षीच्या अहवालात छापला आहे. सगळी मुले वाचतात असे लिहिता आले असते तर तुम्हाला जास्त आनंद झाला असता, याची मला कल्पना आहे.

चौथीतली ती मुलगी आता वीस वर्षांच्या आत-बाहेर आहे. चौथीनंतर तिची शाळा सुटली. लग्न झाले, पाड्यातच दिले. तिला दोन वर्षांची मुलगी आहे. जुलाब झालेला तो तान्हा भाऊ आज त्याच शाळेत चौथीत आहे. आईला कामावरून सुट्टी नव्हती म्हणून एका बैठकीला भावाचे वाचन ऐकायला ती आली होती, कडेवर मुलगी घेऊन. भावाने पान वाचले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती उठून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “ताई, याला खरंच येतंय ना? का माझ्यासारखंच?”

मी तिच्यापुढे गोष्टींचे पुस्तक धरले आणि म्हटले, “तूच कुठलंही पान उघड.” तिने उघडले. भाऊ वाचू लागला. सावकाश, बोट ठेवून, एका शब्दाला अडून परत मागे येऊन. ती शेवटपर्यंत उभी राहिली. नऊ वर्षांपूर्वी मी तिच्याशी जे केले ते तिला तेव्हाच कळले होते, आणि इतकी वर्षे तिने मला ते बोलून दाखवले नव्हते.

तिची मुलगी चार वर्षांनी पहिलीत जाईल. तेव्हा पाड्यावर शाळा असेल की नाही, मी सांगू शकत नाही. समितीने ठराव करून वर पाठवला आहे. त्यात पावसाळ्यातल्या नाल्याची हकीकत आहे आणि कायद्यातल्या एक किलोमीटरचा उल्लेख आहे. ठरावाखाली आयांचे अंगठे आहेत. अजून उत्तर आलेले नाही. तिन्ही मुलांचे कागद जुळवण्याच्या मागे आपला कार्यकर्ता तालुक्याला पाच खेपा करून आला आहे. एकीचे काम झाले. दोघांचे बाकी आहे.

आता माझे मागणे. दरवर्षी शेवटी मी दानार्पणाची विनंती करते, तीही करणारच आहे. पण त्याआधी चार गोष्टी.

पहिली. आमच्याकडून मोठे आकडे मागू नका, खरे आकडे मागा. ‘किती मुले वाचतात’ याबरोबर ‘किती वाचत नाहीत आणि त्यांच्यासाठी काय करता’ हेही विचारा. मेळाव्याला आलात तसे कधी पाड्यावर या आणि स्वतः पान उघडून द्या.

दुसरी. आपल्या मंडळ्यांत निवृत्त शिक्षक-शिक्षिका पुष्कळ आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांत आयुष्य घालवलेली माणसे आहेत. दिवाळी ते होळी या काळात, आईबाप ऊसतोडीला गेल्यावर आजीआजोबांपाशी राहिलेल्या मुलांसाठी, एखादा महिना आमच्याकडे राहायला या. राहण्या-जेवणाची व्यवस्था साधी आहे, पण आहे.

तिसरी. ज्यांना जन्मनोंदणी, आधार, प्रतिज्ञापत्र यांची कामे कळतात, वकील आहेत, कचेरीत नोकरी केलेली आहे, त्यांनी वर्षातून चार दिवस आम्हाला द्यावेत. दहा वह्यांपेक्षा एक जन्मदाखला कधीकधी शाळेला जास्त उपयोगी पडतो.

चौथी गोष्ट बोलायला अवघड आहे. इथे बसलेल्यांपैकी कितीजणांची मुले किंवा नातवंडे सरकारी शाळेत आहेत? हात वर करू नका. माझी दोन्ही मुले इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत शिकली. तुमच्यासारखीच आईची काळजी मलाही होती. पण त्यामुळे झाले असे की सरकारी शाळेचा जाब विचारू शकणारी, अर्ज लिहू शकणारी, साहेबासमोर खुर्चीवर बसून बोलू शकणारी आपण माणसे त्या शाळांतून उठून गेलो. मागे राहिले ते अंगठा उठवणारे. सगळ्यांनी उद्या मुले काढून तिथे घालावीत असे मी म्हणत नाही, तो अधिकार मला नाही. पण तुमच्या चर्चपासून सर्वांत जवळची जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची शाळा कोणती, तिथे पट किती, शिक्षक किती, एवढे तरी या महिन्यात जाऊन पाहा. शनिवारी तासभर बसून मुलांचे वाचन ऐका. परवानगी मागितली तर गुरुजी सहसा नाही म्हणत नाहीत. उलट कोणी विचारायला आले याचे त्यांना बरे वाटते.

आणि प्रार्थना करा. त्या दोन मुलांसाठी करा ज्यांना अजून अक्षरे जुळत नाहीत. त्या दोघांसाठीही करा ज्यांचे कागद जुळत नाहीत. टेकडीवर रेंज शोधणाऱ्या गुरुजींसाठी करा. पुण्या-मुंबईत बसून निकष ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांसाठीही करा. त्यांच्यासमोर फक्त तक्ते येतात. त्या तक्त्यांत त्यांना लेकरे दिसोत.

दाखल्यातला मेंढपाळ मेंढरू खांद्यावर घेऊन घरी येतो आणि शेजाऱ्यांना बोलावून आनंद करतो. पुढच्या वर्षी याच मेळाव्यात उरलेल्या दोघांचे कागद झाले, उरलेले दोघे वाचू लागले, असे तुम्हाला सांगता यावे अशी माझी आशा आहे. सांगता आले नाही, तर तेही तसेच सांगेन.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.